आत्याचे बाबा बसऱ्याहून

११ मार्च १९८४, बोरीवली
आत्याचा हट्ट : मरायच्या आधी तिच्या बाबांचं सगळं कळायला हवं. भिवाआजोबा. फौजेत होते, पहिल्या महायुद्धात, १९१७ साली इराकात बसऱ्याला वारले, एवढंच घरात ठाऊक. ट्रंक उघडली. घरपट्टीच्या पावत्या, अण्णांचा जन्मदाखला, नि भिवाआजोबांचा वर्दीतला फोटो. मागे मुंबईच्या स्टुडिओचा शिक्का, १९२०.
मेलेला माणूस फोटो काढायला कसा गेला? आत्याला वाचता येत नाही. शिक्का तिला वाचून दाखवला नाही.

१४ मार्च
अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्मही १९२०चाच. आजी विधवा झाली म्हणून धाकट्या दिराशी तिचा पाट लागला, ते माझे गणूआजोबा. हे कुणी लपवलं नव्हतं. पण साल...
सुलू म्हणाली, "सोड ना आता. बायको मी आहे तुझी, माझ्याशी तरी बोल दोन शब्द." सुटत नाहीये.

१८ मार्च, रवि.
मुलुंडला ताईआजीकडे. आजोबांची चुलतबहीण, ऐंशीची. ऐकायला कमी येतं, डोकं शाबूत. फोटो बघून रडायलाच लागली.
"आला होता रे भिवादादा! मेल्याची खबर खोटी निघाली. तुझी आजी पोटुशी, अण्णा पोटात. गणूदादाने अंगणातच अडवला. म्हणाला, ती आता माझी आहे, तू जा."
"भांडले?"
"नाय रे. फोटो ओट्यावर ठेवला, पोरीला द्या म्हणाला, नि गेला."
"आणि आजी?"
"आत कोंडलेली. हाका मारत होती."
पुढे कुठे गेले, कुणालाच माहीत नाही.
बसमध्ये एकच डोक्यात. ते घरात आले असते तर... अण्णांचं, माझं काय? गणूआजोबांच्या मांडीवर वाढलोय मी. लाडका नातू.

२१ मार्च
आत्या रोज विचारते, "लागला का पत्ता?" मी, "शोधतोय." खोटारडा. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आज तिने वाढलेली भाकरी तशीच ठेवून उठलो.

२५ मार्च
सांगायचंच म्हणून बसलो. "आत्या, तुझे बाबा..."
ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी लहान होते तेव्हा एक माणूस आलेला अंगणात. गणूकाकाने मला मागच्या दाराने नदीवर पिटाळलं. आले तर कुणी नाही, आई रडतेय. काकाला विचारायचं राहूनच गेलं. जीव होता रे त्याचा माझ्यावर." मग माझ्याकडे बघून, "कोण होता तो?"
पाणी पिऊन येतो म्हणालो नि आतल्या खोलीत येऊन हे लिहितोय. तांदळाचा आवाज थांबलाय. बाहेर बसलीय ती, वाट बघत.