जुलैतले पाच शब्द

लमॉन्ट,

हे पत्र तुला देणार नाही.

रविवारच्या फुटबॉल सामन्यात हेल्मेटवर हेल्मेट आदळलं आणि तू समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. तरी आजच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत तुझे गुण हंगामाआधीच्या जुलैतल्या गुणांइतकेच आले. गुण जुळले की डॉक्टर खेळायला सोडतात.

जुलैत तू मुद्दाम चुकलास, पुढची घसरण दिसू नये म्हणून. ऐकवलेल्या बारापैकी पाचच शब्द सांगून, चाचणी घेणाऱ्या मला डोळा मारलास. "डॉक्टरीणबाई, सहा संघांनी हाकललेल्याची अक्कल एवढीच!" त्यातल्या चार संघांच्या वेळी घर हलवताना तुझ्याबरोबर सामानाची खोकी मीच बांधली होती. मी हसले आणि पाच लिहिले.

आज तू मनापासून आठवत होतास. कपाळावर घाम होता. पाचच आले.

जाताना म्हणालास, "तुम्ही लोकांनी मला बाहेर बसवलंत तर सोमवारी संघाच्या खोलीतल्या कपाटावरचं माझं नाव काढतील. कळतंय ना?" मी हो म्हटलं. मग दारातून परत येऊन तू तेच वाक्य पुन्हा म्हणालास, पहिल्यांदाच म्हणतोयस असं.

मी डॉक्टरांना जुलैचं सगळं सांगितलं. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. येत्या रविवारी तू खेळणार नाहीस, एवढं नक्की.

शार्लीन