बायांची वाट

टोल्यावरून,
ता. ७ डिसेंबर २०१०

प्रिय संघदीप यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. रचना आणि बाळ कसे आहेत? गोंदियात इकडच्यापेक्षा थंडी कमी म्हणतात, तरी बाळाला सकाळचं बाहेर काढू नका. आपल्याकडे धानाचं चुरणं आटोपलं. दवनीवाड्याच्या बाजारात भाव पडला आहे, पण त्याचं गाऱ्हाणं तुला सांगून काय होणार. माझी मशीन बरी चालू आहे. लग्नसराई जवळ आली की बाया ब्लाउजसाठी दाराशी बसतात आणि शिलाई द्यायच्या वेळी दिसेनाशा होतात, ते तुला माहीतच आहे.

काल सहा डिसेंबर. विहारात सगळे जमले होते. निर्मलाबाईनं मला सगळ्यांसमोर विचारलं, साहेब नाही आले का? मी म्हटलं, साहेबांना मीटिंग असेल. फोन लावला की तू मीटिंगमध्येच असतोस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र कुणाच्याही समोर वाजत नाही.

उन्हाळ्यात जनगणनेचे गुरुजी आले होते ते तुला सांगितलं होतं ना? छप्पर कशाचं, खाली फरशी की माती, स्वयंपाक कुठे करता, बाहेर कुठे जाता. शेवटचा प्रश्न विचारताना बिचाऱ्यांनी मान खाली घातली. मी तेव्हाच मायला म्हटलं, आज विचारून गेले, उद्या बघायला येतील. गुरुजी म्हणाले, हे सगळं गुप्त राहतं, ताई. मी म्हटलं, गुप्त ठेवायचं असेल तर विचारता तरी कशाला? ते हसले आणि चहा पिऊन गेले. मायनं मला रागे भरलं, मास्तराशी असं बोलतात का म्हणून. आता बघ.

सरपंच देवचंदभाऊंच्या डोक्यात स्वच्छ गावाचं बक्षीस शिरलं आहे. बक्षीस घ्यायला दिल्लीला जायचं म्हणून त्यांनी कोटाचं माप माझ्याकडेच दिलंय. दिवाळीनंतर भोंग्यावरून सांगितलं की जो कुणी उघड्यावर सापडेल त्याचं रॉकेल बंद. रॉकेलचा आणि त्याचा काय संबंध, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, आपल्याकडे संडास आहे की. आहे ना. योजनेतून आला तोच, घराच्या मागे. ठेकेदारानं खाली खडक लागला म्हणून गुडघाभर खड्ड्यावरच शीट बसवली, वर टिनाचं दार लावलं, दाराशी आम्हा दोघींना उभं करून फोटो काढला आणि गेला. पहिल्याच पावसाळ्यात सगळं वर आलं. तेव्हापासून त्यात गोवऱ्या आहेत. कागदावर मात्र तो वापरात आहे, असं देवचंदभाऊ म्हणतात. म्हणजे कागदावर आम्ही बाहेर जातच नाही.

मागच्या बुधवारी पथक आलं. गुड मॉर्निंग पथक म्हणतात त्याला. तुझ्या जिल्ह्याच्या स्वच्छता ऑफिसातूनच या गोष्टी ठरतात, म्हणून नाव तुला ठाऊक असेल. आधीही एकदा आले होते, पण तेव्हा गाडीचा आवाज लांबून आला आणि सगळ्या बाया घरी पळाल्या. तेव्हाही गाडी आपल्याच मोहल्ल्याच्या तोंडाशी उभी होती. पाटलांच्या बांधाकडे ती कधी जात नाही, तिकडची माणसं जणू जेवतच नाहीत. या खेपेला त्यांनी गाडी शाळेजवळ बंद करून ठेवली आणि पायी आले. समोरून नाही आले, बोडीच्या तळ्याच्या पाळीखालून, करंजाच्या झाडामागून आले. म्हणजे बायांच्या वाटेनं आले.

ती वाट तुला आठवते का, मला माहीत नाही. त्या वाटेनं आपल्या मोहल्ल्यातला पुरुष कधी जात नाही. कुणी मनाई केलेली नाही, पाटी लावलेली नाही, तरी जात नाही. माझ्या आजवरच्या आयुष्यात तिथे मी पुरुषाचं पाऊल पाहिलं नव्हतं. आणि हे तिघेजण अंधारात, बॅटरी न लावता, कुठेही न ठेचाळता नेमके तिथे येऊन उभे राहिले. मग शिट्ट्या वाजल्या. मी घरी चूल पेटवत होते, मला वाटलं चोर आला.

सगळ्या पळाल्या. मायचा गुडघा तुला माहीत आहे. ती तेवढी सापडली. तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि फोटो काढला. गुलाबाचं फूल! तिच्या लग्नातसुद्धा कुणी दिलं नसेल. घरी येऊन तिनं ते फूल बकरीला घातलं आणि कामाला लागली. मला निर्मलाबाईकडून कळलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. माय जेवत नाही. दुपारी चार घास खाते ते खाते, त्यानंतर ताटाला हात लावत नाही, उन्हं उतरली की पाण्याचा थेंब घेत नाही. आधी म्हणाली, भूक नाही. मग म्हणाली, दात दुखतो. परवा बोरिंगवर भोवळ येऊन पडली तेव्हा दवनीवाड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, अंगात पाणीच नाही, असंच चाललं तर किडनीवर जाईल. घरी येताना मी बैलगाडीत भांडले तिच्याशी. तेव्हा बोलली,

"पोटात काई नसलं तं बाहीर जायचं कामच नाइ."

तर तुला एकच काम सांगते. ती वाट त्यांना कुणी दाखवली तेवढं शोधून काढ. तुझा करार मार्चमध्ये संपतो हे मला माहीत आहे, मोठ्यानं विचारू नको, हळूच विचार. मला गुरुजींचा संशय आहे. निर्मलाबाईचाही आहे, तिच्या भाच्याला शिटांचा ठेका हवा आहे आणि त्या दिवशी ती सगळ्यांत आधी पळाली. सर्वांत जास्त संशय सेवकरामचा. ग्रामपंचायतीचा चपराशी, सरपंच म्हणेल ते करणारा. मायला विचारलं की ती म्हणते, जाऊ दे. तिचं हे जाऊ दे ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

बाळाला पापा. रचनाला सांग, मोजे विणून ठेवले आहेत.

तुझी ताई,
अल्का


टोल्यावरून,
ता. २१ डिसेंबर २०१०

संघदीप यास,
जय भीम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. एवढ्या लवकर तू कधी उत्तर पाठवलं नव्हतंस. तू लिहिलंस, चौकशी केली, वाट सेवकरामनं दाखवली असं समजतं, त्याच्यापासून सावध राहा, कुठे बोलू नका. मार्चनंतर संडासाचं बघतो असंही लिहिलंस.

कुठे बोलू नका असं लिहिलेलं होतं, तरी मी बोलले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. निर्मलाबाईला सांगितलं, तिचीही शंका घेतली होती म्हणून जरा जास्तच तिखटमीठ लावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात झालं. सेवकरामच्या बायकोला बोरिंगवर कुणी पाणी भरू दिलं नाही. तिच्या माहेरचं गाव हे, लहानपणापासून ती याच बोरिंगवर पाणी भरते, ती रिकामी गुंडी घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी सेवकराम अंगणात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढून. मला वाटलं भांडायला आला, मी कात्री खाली ठेवलीच नाही. त्यानं हळू आवाजात विचारलं,

"अल्काबाई, मी कोनती वाट दाखवली म्हनून राहिले सारे? कोठची वाट?"

तो खोटं बोलत असता तर मला कळलं असतं. त्याला खरंच माहीत नव्हतं की आपण कोणत्या वाटेबद्दल बोलतो आहोत. मायनं आतून त्याला बसायला सांगितलं, माझ्याकडून चहा करवून घेतला, आणि तो गेल्यावर मला जवळ बोलावलं. तुझं पत्र मी तिला आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. ऐकून तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं, मला वाटलं झोप आली.

"सेवकरामले बोल नोको लावू," ती म्हणाली. "घरजवाई म्हून आला तवा त्याले मिशा होत्या. ते वाट पोट्ट्यायलेच माहीत राह्यते, मायचा पदर धरून जातेत म्हून. मिशा फुटल्या का कोनी जात नाइ."

मी म्हटलं, मग आपल्याच गावचा कुणी पोट्टा असेल. मी एकेकाचं नाव घ्यायला लागले. तेव्हा तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तोंडाले मफलर होता. साह्यबानं त्याच्या हातात फूल देल्लन, दे म्हनलन. तं त्यानं मले म्हनलन, गुड मॉर्निंग, आजी."

मग माझ्या तोंडावरचा हात काढत म्हणाली, "आवाज मफलरात लपत नाइ, बाई."

संघदीप, मला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली, मी तुला शोध घ्यायला सांगितलं याची. राग मागून आला तो अजून आहे.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नको. महिन्याला इतक्या केसेस दाखवा असं वरून येत असेल. साहेबानं विचारलं असेल, तुझंच गाव ना, सांग बाया कुठून जातात. करार मार्चमध्ये संपतो, घरी बाळ आहे. हे सगळं मी तुझ्या वतीनं स्वतःलाच सांगून पाहिलं. आणि संडास नको असं मी कधी म्हटलं? खड्डा नीट खोदा, पाणी द्या, आतून लागणारी कडी द्या, मी स्वतः मायला हात धरून नेते. पण शिट्टी? मायच्या पाठीशी उभं राहून वाजवायची शिट्टी? रेशनला अर्ज, दाखल्याला अर्ज, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला टाकल्याचाही अर्ज. माणसाच्या अंगाची एवढी एकच गोष्ट उरली होती की जिच्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्यावरही आता हजेरी लागली, वर फोटो.

मी उगाच गुरुजींवर संशय घेतला. सरकार म्हणजे कुणीतरी लांबचं, कागदातून आपल्याला बघणारं, असं मला वाटायचं. त्याला लांबून काही दिसत नाही. त्याला आपल्याच घरातले डोळे पगारावर घ्यावे लागतात. पाळ कुठे उतरते, करंजाचं मूळ कुठे वर आलं आहे, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं. ते तुला मायनं दाखवलं होतं, तू पडू नयेस म्हणून. हे लिहिताना मला रडू येत आहे आणि मला तुझ्यासमोर रडायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते.

मला सांगून झालं त्या दिवशी संध्याकाळी माय जेवली. लाखोरीची डाळ आणि भात, मागून घेऊन. पाणी प्याली.

काल सोमवारी पथक परत आलं. आम्हाला आधीच कुणकुण लागली होती. बाया घरातच बसून राहिल्या. माय उठली, पाण्यानं डबा भरून घेतला आणि दाराबाहेर पडली. मागच्या अंगानं नाही, समोरून, मोठ्या रस्त्यानं, जिथे गाडी उभी होती तिकडेच. मी शाल घेऊन मागोमाग धावले. ती डबा लपवत नव्हती, पदरही पुढे ओढलेला नव्हता. साहेबाच्या तोंडात शिट्टी होती, पण न पळता त्याच्याकडेच चालत येणारी बाई त्यानं बहुतेक आजवर पाहिली नव्हती. शिट्टी तशीच राहिली. माय गाडीजवळ थांबली आणि एकेकाच्या तोंडाकडे वाकून पाहायला लागली. फुलं धरायला दुसरा पोरगा होता. तू नव्हतास.

मग तिनं साहेबाला विचारलं,

"साह्यब, मांगच्या खेपेले फूल देनारा पोरगा आज काऊन नाइ आला? बरा हाये ना तो? थंडी बाधते त्याले."

साहेब हसला. म्हणाला, "क्यों माँजी, पहचानती हो क्या उसको?"

मी तोंड उघडलं होतं. तुझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं माझ्या जिभेवर होतं, ते मी गावभर ऐकू जाईल असं सांगणार होते. मायनं माझं मनगट धरलं. या वयात तिच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नाइ जी," ती म्हणाली. "आमचा कोनी नोहे. असंच पुसलं."

आणि ती पुढे चालत गेली. तिच्यामागे कुणी शिट्टी वाजवली नाही.

तुझी नोकरी शाबूत आहे, एवढं कळावं म्हणून लिहिलं. मार्चपर्यंत निर्धास्त राहा. पण त्याआधी एकदा ये. दिवसा ये, मफलर न बांधता ये, आणि आधी सेवकरामच्या घरी जा. त्याच्या बायकोला बोरिंगवर मी स्वतः घेऊन गेले, पण वाट कुणी दाखवली हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहे. माय तुला काही विचारणार नाही, ती ताट वाढेल. बोलायचं ते मी बोलेन.

मोजे पाठवत नाही, घ्यायला ये.

इथे शेवटी 'तुझी ताई' लिहितात. ते तू येऊन गेल्यावर लिहीन.

अल्का