माठाला सांगते

सालईटोला, पो. मोहाडी
१२ जानेवारी १९८४

चि. घनश्याम यास रुखमाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

नागपूरची थंडी सोसत नाही म्हणतोस, मग इकडे शेकोटीला ये.

तुझी बहीण ग्रामपंचायतीत मेंबर आहे खरी, पण आजवर चपराशी घरी यायचा, मी सही करायची, की झाली सभा! परवा मात्र शेजारची धुरपता तलावाच्या पाळीवरून भरल्या घागरीसकट घसरली. हात मोडला बिचारीचा. तेव्हापासून मी हट्टाला पेटले आहे. बायकांसाठी दगडी पायऱ्यांचा घाट झालाच पाहिजे. ताराचंद मेंबरला गावाच्या तोंडाशी कमान हवी आहे, आणि यंदा दोन्हींतले एकच काम होणार.

अडचण तुला ठाऊक आहे. सरपंच म्हणजे माझे भासरे, यादोरावजी. थोरल्या दिराशी धाकट्या सुनेने बोलायचे नाही, म्हणून लग्न झाल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पान वाढले की मी भिंतीला सांगते, आणि भिंतीचे ऐकून ते पाटावर येतात. आता सभेत काय करू? लवकर कळव.

तुझी ताई,
रुखमिणी

नागपूर
१९ जानेवारी १९८४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की खोलीतला जोडीदार घाबरला. अगं, भिंतीशी बोलून तू अख्खे घर चालवलेस, आता गाव चालव! पंचायतीतही काहीतरी असेलच की बोलायला. भाऊजींना मात्र तुझ्या जागी पाठवू नकोस. ते तोंडभर हसून कमानीला होकार देऊन येतील. त्यांना कुठे घागर उचलायची असते?

धुरपताबाईंना माझा नमस्कार सांग. सभेचे सविस्तर लिही आणि माया आहे तशीच ठेव.

तुझा,
घनश्याम

सालईटोला
२ फेब्रुवारी १९८४

चि. घनश्यामास आशीर्वाद. वि. वि.

गेले रे सभेला! भिंतीला टेकून सगळे मेंबर बसलेले. सरपंचांच्या टेबलाशी तिवईवर माठ होता. डोईवरचा पदर सावरला आणि त्यालाच म्हटले, माठा, सांग त्यायले, तलावावर बायकायचे पाय घसरून राहिले. सभा खो खो हसली, ताराचंद सर्वांत मोठ्याने. भासरे हसले नाहीत. त्यांनीही माठाकडेच पाहून विचारले, माठा, इचार तिले, घाटाले गोटे कोठून आणन? मी माठाला सांगितले की पडक्या चावडीचे गोटे पडूनच आहेत, आणि वाहायला घरटी एक बाई येईल.

तेवढ्यात ताराचंदने कमानीचा घोळ घातला आणि निकाल पुढच्या सभेवर गेला. आता पोरे मला पाहून माठमावशी म्हणतात. म्हणू देत बापडी. तब्येतीला जप.

तुझी ताई,
रुखमिणी

सालईटोला
१ मार्च १९८४

चि. घनश्यामास खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

घाट मंजूर झाला! पण कसा ते ऐक. सभेला पोचले तर तिवई रिकामी. माठ झिरपतो म्हणून ताराचंदने सकाळीच तो उचलून नेला होता. मी उभी राहिले, पण आता सांगायचे कोणाला? मग भासऱ्यांनी रिकाम्या तिवईकडे पाहिले, आणि नंतर सरळ माझ्याकडे. म्हणाले, बोल बाई, मले सांग. इथं मी भासरा नाही, सरपंच आहो. तूही सून नाही, मेंबर आहे.

माझे डोळेच भरून आले रे. पण बोलले, अगदी खणखणीत बोलले. हात वर करायची वेळ आली तेव्हा ताराचंदची बायको रिकामी घागर डोईवर घेऊन दारात उभी होती. ताराचंदचाही हात वर गेला!

होळीनंतर काम सुरू होईल. त्या वेळी तू ये, दोन गोटे तूही वाहा.

घरी आल्यावर मात्र आम्ही पुन्हा पहिल्यासारखे. रात्री मी भिंतीला सांगितले, पान वाढले आहे. ते पाटावर बसले, दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, सांग तिले, आज चांगली बोलली.

तुझी वाट पाहणारी,
रुखमाताई