बुरजाची भोकं

साजगाव

प्रिय हर्षू,

तुझ्या लग्नाला मी आलो नाही, तेव्हापासून आपलं बोलणं ते काय! फोनवर तू "आई आहे का?" विचारतेस आणि मी मुकाट्याने फोन तिच्याकडे देतो. तीन वर्षं झाली, आता पुरे. म्हणून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस, थापीची सवय असलेला हात आहे.

गेले आठ दिवस तुझ्या घरामागच्या बुरजाच्या डागडुजीला होतो, हे तुला ठाऊक आहेच. ठेकेदाराला चुन्याचं काम येणारा गवंडी हवा होता. आपल्या भागात असे म्हातारे दोनच उरलेत आणि दुसऱ्याचे गुडघे गेलेत. मजा आली गं. चुना, गूळ, बेलफळाचं पाणी, सगळं हाताला आपोआप आठवलं. दुपारी तुझ्या सासूबाई, अंबाबाई, डबा आणून द्यायच्या. सुकटीची चटणी तुझ्या हातची होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बुरूज बघायला येणारे त्याच गोष्टी सांगत. सुलतानाच्या काळी चोरांची मुंडकी भिंतीतल्या एकेका भोकात ठेवत, अमावस्येला भोकं मोजली तर एक जास्त भरतं आणि ते मोजणाऱ्याचं. मी अमावस्येलाच मोजली. बेचाळीस, रोजच्याइतकीच. मान अजून जागेवर आहे. याच गोष्टी सांगून मी तुझ्या साईनाथला नकार दिला होता.

शेवटच्या दिवशी अंबाबाई डबा देऊन घुटमळल्या. म्हणाल्या, "व्याही, पोरीला सातवा लागलाय, पन मागली खिडकी उघडत नाय. तुमी सांगितलेलं मनात बसलंय तिच्या." मी डबा तसाच झाकून ठेवला.

हर्षू, ती परांचीची भोकं आहेत. भिंत चढवताना उभं राहायला आम्ही वासे खोचतो ना, त्यांची. काम संपल्यावर बुजवायची राहिली, एवढंच. आणि हे मला आता कळलं असं नाही. साईनाथच्या घरी पहिल्यांदा आलो, तेव्हा चहा यायच्या आतच ओळखलं होतं. तू मला न विचारता माणूस निवडलास, याचा राग आला होता. तसं बोलायची लाज वाटली, म्हणून मुंडक्यांवर ढकललं. बुरूज बिचारा निर्दोष आहे, खोटा मी. माणूस तू चांगलाच निवडलास. खिडकी उघड, पोरी. समोर तिसऱ्या थरात ताजा चुना दिसेल, तो माझ्या हातचा आहे.

तुझाच,
बाबा