एकतीस खण

सोमवार, ३ तारीख

आलो बुवा एकदाचा! दुसऱ्या मजल्यावरची खोली, भलीमोठी खिडकी, फिरती खुर्ची, दणकट टेबल. दार करकरतं, भिंतीवरचं घड्याळ मेलं टकटक करत डोकं खातं, पण एवढं चालायचंच. मालक हसतमुख आहेत. टकलावरून हात फिरवत बोलतात. संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण चहा वेळेवर पाठवतात. दोन्ही गोष्टी माझ्या सोयीच्या.

काम सोपं आहे. खेळण्यांत, लिफ्टमध्ये, दारावरच्या घंटीत वाजणाऱ्या बारक्या धुना करायच्या. त्यासाठी ट्रॅकर नावाचा जुनाट प्रोग्राम. पडद्यावर उभे रकाने, त्यांत वरून खाली सरकणारे आकडे. कुठला आवाज कुठल्या सुरात कधी वाजायचा, ते ओळीत लिहायचं. आवाज आधी भरून ठेवलेले असतात, नंबर घातलेल्या खणांत. माझ्या आधीचा म्हातारा हेच सव्वीस वर्षं करत बसला आणि गेल्या महिन्यात वारला.

मशीनशेजारी त्याच्या हातचा कागद चिकटवलाय. खण ३१. वाढवू नयेत. एकही रिकामा ठेवू नये. मशीन बंद करू नये. मालक म्हणाले, तेवढं सांभाळा. मी मान डोलावली. कागद चिकटवून प्रोग्राम चालवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

अकरा वाजता टायपिस्ट बाई आल्या. मुक्या असाव्यात, ओठ हलतात पण आवाज नाही. न विचारता माझ्या कीबोर्डवर वाकल्या आणि सात नंबरच्या खणातला आवाज वाजवला. कुणीतरी बाई म्हणते, ‘हं, सांगा.’ तेवढं ऐकलं आणि गेल्या. ऑफिसात एक तरी असा नमुना असतोच.

चारला टकळीचा फोन. लेक आठ वर्षांची, तोंड एक मिनिट मिटत नाही म्हणून टकळी. शाळा संपली की पुढच्या महिन्यात ती आणि तिची आई इकडे येतील. फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला, ती बोलत राहिली, मी काम करत राहिलो.

मंगळवार, ४

आज सेटिंग्ज उघडल्या. काय हे ध्यान! बफर एवढा मोठा की कळ दाबल्यावर सूर येईपर्यंत जांभई देऊन होते. रकाने आठच. आवाज गुळगुळीत करायची सोय आहे, ती बंद. रंग हिरव्यावर पिवळा, डोळ्यांचं वाटोळं. वेग ठरवायचा तो प्रत्येक धुनेत हाताने. सव्वीस वर्षांत ह्या माणसाला सेटिंग्जचं पान शेवटपर्यंत खाली सरकवून बघावंसं वाटलं नाही!

मी सगळं माणसांत आणलं. बफर कमी, रकाने बत्तीस, गुळगुळीतपणा चालू, रंग काळा. खण दोनशे पंचावन्न केले. मशीनने मेमरी कमी पडेल असा इशारा दिला. ‘पुन्हा दाखवू नका’वर खूण करून टाकली.

मग आवाज ऐकले. बासरी नाही, ढोल नाही. पहिल्यात खोकला. बाराव्यात शिट्टी, समोर लिहिलंय ‘मालक’. एकात शिंक, एकात कुणाचं तरी हसू. ह्या खोकल्या-शिंकांवर धुना बांधल्या म्हाताऱ्याने, आणि लोक त्याला कलावंत म्हणायचे. साफसफाईला सुरुवात म्हणून सात नंबर पुसला.

तेवढ्यात बाई आल्या. कळ दाबली, काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबली. मग चक्क जमिनीवर बसल्या. मी म्हटलं, बाई, नाटकं नकोत, काम करू द्या.

संध्याकाळी निघताना दार करकरलं नाही. चला, कुणाला तरी तेल घालायची अक्कल आली.

बुधवार, ५

सात नंबरच्या खणात आवाज आहे. मी घातलेला नाही. वाजवला, तर दाराची करकर. हुबेहूब.

म्हटलं, आपोआप रेकॉर्डिंगची सेटिंग चालू राहिली असेल. शोधली, बंद आहे. मशीनला माईक जोडलेलाच नाही. म्हाताऱ्याने काहीतरी आचरटपणा करून ठेवलाय, दुसरं काय!

दुपारी लक्षात आलं की घड्याळ वाजत नाही. काटे फिरतायत, आवाज नाही. खण बत्तीस उघडला, तर आत टकटक. मला हसू आलं. पुसून टाकला तोही. घड्याळ तत्क्षणी थांबलं. नवे सेल घातले, ढिम्म हलत नाही.

बाई आज आल्या नाहीत.

शुक्रवार, ७

कालपासून खुर्ची कुरकुरत नाही, नळ गळतो पण टपटपत नाही, टाइप करतो तर बोटांखाली मुकं. बत्तीस ते पस्तीस खण भरलेत. मी एकही पुसला नाही. भीती म्हणून नव्हे, उगाच कशाला म्हणून.

चहाच्या वेळी मालकांना शिट्टीचं विचारलं. म्हणाले, तरुणपणी काय सुरेख वाजवायचो, एक दिवस म्हाताऱ्याच्या खोलीत वाजवली आणि गेलीच. फुंकर येते, सूर नाही. हे सांगताना हसले. मग म्हणाले, टायपिस्ट बाई इस्पितळात आहेत. मंगळवारपासून तोंडच उघडत नाही, नळीने भरवतायत.

मंगळवारपासून.

चारला टकळीचा फोन आला. ‘बाबा, ऐक ना’ करत सातचा पाढा म्हणत होती, ‘सात पाचे’वर लाइन गेली. नेटवर्कवाले एकजात भिकार.

सोमवार, १०

लाइन गेली नव्हती.

शनिवारी घरी जाऊन आलो. पोरगी तोंड उघडते, जीभ हलते, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आवाज नाही. डॉक्टर म्हणाले घसा उत्तम आहे. बायको मला विचारत होती, तू तिला फोनवर काही बोललास का.

खण छत्तीस वाजवला. ‘बाबा, ऐक ना.’

तिचाच आवाज. माझ्या टकळीचा.

मंगळवार, ११

इस्पितळात गेलो. बाईंचा जबडा मिटलेला. माझ्याकडे बघितलं नाही, पण खुणेने पाटी मागितली आणि लिहिलं.

मशीन जवळचे आवाज उचलतं. रिकामा खण दिसला की उचलतं. उचललेला आवाज परत येत नाही, पण तो खणात शाबूत आहे तोवर माणूस शाबूत. पुसला की ज्याचा आवाज तेच बंद पडतं. मशीन एकदाच बंद पडलं होतं, तेव्हा एकतीसच्या एकतीस माणसं जागच्या जागी पडली. चालू केल्यावर तीस उठली. एकतिसावी म्हाताऱ्याची बायको. तिच्या खणात मग दुसऱ्याच कुणाचा आवाज आला. तेव्हापासून त्याने खण भरलेले ठेवले, वाढू दिले नाहीत. मशीनला तेवढंच झेपतं.

शेवटी लिहिलं, सात नंबर माझा होता.

मी माफी मागितली. त्यांनी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला म्हाताऱ्याचा कागद आठवतोय. तीन ओळी. तीन! आणि मी शहाणा, गाढवाहून गाढव, सेटिंग्ज नीट करायला निघालो होतो.

बुधवार, १२

रिकामे खण भरून टाकू म्हटलं. प्रोग्राममध्येच भोंगे, शिट्ट्या, खरखर बनवली, दोनशेवर खणांत घातली. जेवून येईतो सगळे पुन्हा रिकामे. मशीनला बनवलेलं चालत नाही. घेतलेलंच लागतं.

अडतीस — माझा खोकला. गेला.

एकोणचाळीस भरतोय. बाकीचे आवाज एवढेएवढे असतात, हा थांबतच नाही. दोन उंचवटे, सपाट, दोन उंचवटे, सपाट. वाजवला. धकधक. छातीवर हात ठेवला, कानात बोटं घातली. आत काहीच ऐकू येत नाही. नाडी आहे. आवाज नाही.

मेमरी ७१ टक्के. सकाळी ४० होती.

गुरुवार, १३

मेमरी ८८. शंभर झाली की मशीन अडकणार, म्हणजे बंदच. तीस माणसं आणि टकळी.

एकोणचाळीस मागून थोडासा कापून पाहिला. छातीत अशी कळ आली की खुर्चीवरून पडलो. कापायचं नाही.

खण परत एकतीस करायला गेलो. विचारतं — ३१ च्या पुढचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

पुढे छत्तीस आहे. एकोणचाळीस आहे. पहिल्या एकतिसांत उपरा फक्त सात. दाराचा. एकच जागा.

९१. म्हटलं, शिट्टीवर हलवू स्वतःला. मालक गेले तर गेले, हसरा ठोंब्या! कोण रडणार आहे? बोट कळेवर नेलं. बाईंचा मिटलेला जबडा डोळ्यांपुढून जाईना. ह्या तीस फालतू खोकल्या-शिंकांसाठी मी — नाही. फालतू मीच.

९३. छत्तीसमधला आवाज सातमध्ये हलवला. ‘बाबा, ऐक ना.’ आला. नीट आला. दार खाडकन मिटून बसलंय, कडी हलत नाही. असू दे.

९५. बायकोला मेसेज केला, दार फोडून आत या. ती म्हणते निघालोय, चारपर्यंत पोचतो. चारपर्यंत मेमरी नाही.

म्हाताऱ्याच्या कागदाखाली माझ्या हाताने लिहिलं — खण ३१. वाढवू नयेत. ज्याने वाढवले तो मूर्ख होता. मशीनला हात लावू नका.

९७

टकळे, आईबरोबर ह्या खोलीत ये. रडू नकोस गं. तुझा आवाज इथे आहे, मी कुणाला हात लावू देणार नाही. रोज येऊन ऐकत जा. सात नंबर. त्याची कळ —

९९

पुढे जायचं? हो. टकळे, ती कळ वरच्या ओळीत डावीकडून