नमुना क्रमांक सात

३ जाने., वस्तीवर
आण्णांना जाऊन महिना झाला. पाहुणे पांगले. लॅबमधल्या सरांचा फोन: माणसाच्या चालीच्या अ‍ॅनिमेशनवरचा पेपर आठ दिवसांत द्यायचाय, जमेल का? मी जमेल म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

४ जाने.
लॅपटॉप उघडला. पेपरमधला नमुना क्र. ७ म्हणजे आमचे आण्णाच. दिवाळीआधी पुण्याला लॅबमध्ये नेलं होतं. काळा सूट घालून, अंगभर पांढरे मणी चिकटवून कॅमेऱ्यांपुढं चालवलं. म्हणाले, "घोडेगावच्या बाजारात जन्मभर बैल चालवून त्याची खोड सांगत आलो. आज माझाच बाजार मांडलास व्हय?" सगळी लॅब हसली. मीही.

५ जाने.
त्या चालण्यावरून बनवलेलं अ‍ॅनिमेशन आईला दाखवलं. नुसती राखाडी आकृती, तोंड नाही, धोतर-टोपी नाही. चालतेय. आईनं चष्मा पुसून दोनदा बघितलं. "ह्यो कोन हाय? तुझे आण्णा न्हाईत हे. लंगडत कुठं हाय ह्यो?"
लॅपटॉप मिटला.

६ जाने.
लिहूनच टाकते. डाव्या गुडघ्यावरचे मणी कॅमेऱ्याला मधेच दिसेनासे व्हायचे. उजवा पाय स्वच्छ आला होता. तोच आरशातल्यासारखा उलटून डाव्याला लावला. सगळेच करतात. डाव्या पायावरून गाडीचं चाक गेल्यापासून आण्णा लंगडायचे, हे मला माहीत नव्हतं? त्यांचीच पोर ना मी. पण त्या दिवशी माणूस दिसलाच नाही, डेटातली घाण दिसली.
मूळ रेकॉर्डिंग डिस्क भरली म्हणून उडवलेलं. मीच. मोबाईलमधले व्हिडिओ शोधले. लग्नात बसलेले, ओट्यावर बसलेले. चालणाऱ्या माणसाचं शूटिंग कोण करतं.

८ जाने.
आकृतीला हातानं लंगडं करून बघितलं, एकेक फ्रेम. कुणीतरी चेष्टा करतंय असं दिसतं. खूप रडले.

९ जाने.
आई शेजारी येऊन बसली. "खांदा चुकला. पाय टाकायच्या आदी खांदा पडायचा त्यांचा. आन् वळताना थबकायचे." तुला कसं गं इतकं? तर म्हणे, "चाळीस वर्सं त्यांच्या मागनं चालले. मला ठावं न्हाई व्हय?" पदर खोचून अंगणात चालूनच दाखवलं. तिसऱ्या फेरीला माझ्या अंगावर काटा आला. आण्णाच. लुगड्यातले आण्णा.

१० जाने.
सरांना सांगितलं, नमुना ७ पेपरमधून काढा. "अगं, तोच तर सगळ्यात स्वच्छ आलाय," म्हणाले.

११ जाने.
दोन मोबाईल स्टुलावर टेकवून आईचं शूटिंग घेतलं. सूट नाही, मणी नाहीत, व्हिडिओवरून सांधे प्रोग्रामच शोधतो. चौथ्या फेरीला तिला धाप लागली, तरी "अजून एकदा घे" चालूच. संध्याकाळी पडद्यावर आकृती चालली. आधी खांदा पडला. वळताना थबकली.
"हां. हे हायेत," आई म्हणाली. पडद्याजवळ सरकली. मग, "उजवा गुडघा तेवढा माझा दुखतोय त्यात. त्यांचा चांगला हुता. तेवढा काढता येतो का गं?"
येतो. अजून हात लावलेला नाही.