अडीच तासांचे अंतर

दि. १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. माझे बरे चालले आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचे ऐकत नाही. तुझ्या बेटावर वादळ झाल्याचे वाचले. समुद्राचे पाणी गोडे करणारा तुमचा कारखाना चालू असावा; बंद पडला असता तर न येण्याचे तेही एक कारण तू कळवले असतेस.

तुझ्या पत्रातील मुद्दा प्रथम घेते. तू लिहितोस, ‘अठराशे किलोमीटर, विमानाने जेमतेम अडीच तास. आईचं काही कमीजास्त झालं तर संध्याकाळपर्यंत दारात उभा राहीन, ताई.’ आकडे बरोबर आहेत. पण ‘केव्हाही येता येईल’ या विधानातून तू तीन वर्षे ‘आज यायला नको’ असा निष्कर्ष काढतो आहेस, आणि तो निघत नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. ही चूक घरातच सापडावी याचे हसू येते.

आता आईविषयी. उन्हाळ्यापासून तिची स्मृती झपाट्याने ओसरते आहे, हे तू जाणतोस. तुला मात्र तिने घट्ट धरून ठेवले होते. दुपारचे जेवण झाले की रोज विचारायची, ‘धाकटा कधी येतोय गं, ताई?’ तू येणार की नाही, हे मला ठाऊक नव्हते. जे ठाऊक होते ते मी सांगत असे: ‘विमानाला अडीच तास लागतात.’ विधान खरे होते. त्यावरून ती समजे की तू निघाला आहेस. मग केस विंचरून घेई आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसे.

तिची शुश्रूषा करणाऱ्या नर्सबाईंना ते पाहवेना.

‘मॅडम, उद्या येतोय म्हणा की. म्हातारी निदान पाठ तरी टेकेल.’

‘उद्या येणार आहे, हे मला कुठे माहीत आहे?’

‘मग काय झालं? इथं कोण तुमची उलटतपासणी घेतंय?’

अडीच तास सरेपर्यंत आई विसरून जाईल, असा माझा कयास होता. ती विसरत नसे. अंधारून आले की स्वतःच म्हणे, ‘वारा उलटा असेल.’

गेल्या मंगळवारी तिने विचारले नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी न राहवून मीच म्हणाले, ‘आई, धाकट्याला यायला अडीच तास लागतात.’ तिने मान हलवली, परक्या माणसाचे मन मोडू नये म्हणून हलवतात तशी. मी तुझा फोटो तिच्या हातात दिला.

‘छान आहे मुलगा. तुमचा का?’ ती म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहून म्हणाली, ‘उशीर झाला. निघा आता तुम्ही. घरी कोणी वाट बघत असेल.’

डॉक्टरांच्या मते गेलेले परत येणार नाही. म्हणजे तू आलास, तरी तिच्या लेखी कोणीही आलेले नसेल. ज्या कारणासाठी मी तुला बोलावत होते, ते संपले आहे. हे दडवून तुला बोलावणे अप्रामाणिकपणाचे झाले असते, म्हणून सविस्तर लिहिले.

मात्र यावरून तू येऊ नयेस, असेही सिद्ध होत नाही. या घरात मला ताई म्हणून हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही.

तुझी,
ताई